ताडीचं गाणं आणि एकच दार

जिजाआजीने मांडवाशिवाय लग्न लावलं ते आयुष्यात एकदाच, आणि तेही डहाणूच्या एका फ्लॅटमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी बसून.

तलासरीच्या पुढे डोंगराकडे तिचा पाडा. तिथली ती धवलेरी, म्हणजे वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. ती गायली की लग्न लागलं. नाही गायली तर नुसतं जेवण झालं. पण ओटीवर पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि नात कीर्तीने तिला आपल्याकडे डहाणूला आणून ठेवलं. सोबत काकड्याआजोबाही आले. बायको एकटी शहरात गेली तर परत येणार नाही, अशी त्यांना उगीच भीती.

कीर्ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती. तिचा नवरा अनिकेत घरातूनच एका मुंबईच्या कंपनीचं कॉम्प्युटरवरचं काम करायचा. वैशाखात पाड्यावर सूरज आणि भारतीचं लग्न ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजींना जमिनीवर बसता येणार नाही. धवलेरी चौकासमोर, म्हणजे भिंतीवर पिठाने काढलेल्या लग्नाच्या चित्रासमोर, जमिनीवर बसते, खुर्चीत नाही. जिजाने आपली जागा दक्षाला द्यायची ठरवली. दक्षा पाड्याचीच मुलगी, लग्न होऊन वाणगावला दिलेली, तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाणारी. गळा चांगला. अडचण एकच होती.

“मी म्हणून दाखवणार नाय,” जिजा म्हणाली. “लग्न नसताना लग्नाचा गाणा म्हणत नाय.”

“मग ती शिकणार कशी गं आजी?”

“मी कशी शिकले? मांडवात बसून.”

“आणि आता मांडवात तूच बसणार नाहीस.”

यावर जिजाने अनिकेतच्या फोनकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, एकदाच म्हणेन. त्या डब्यात भरून घ्या. पण कुणाचं तरी लग्न लावल्यासारखं म्हणेन, रिकामं नाही. तांदूळ आणा.

वॉशिंग मशीनशेजारी पाट नीट बसत होता म्हणून जागा तीच. आजी मात्र खुर्चीत, कारण हे काही खरं लग्न नव्हे. चौकाच्या जागी कीर्तीने पिठाची रांगोळी काढली. गाण्यांत नवरा-नवरीची नावं घ्यावी लागतात. जिजाने डोळे मिटले आणि पहिलं नाव घेतलं ते कीर्तीचं, दुसरं अनिकेतचं. या दोघांचं लग्न डहाणूच्या कचेरीत सह्या करून झालं होतं आणि आजीने त्याबद्दल आजवर चकार शब्द काढला नव्हता. कीर्ती चमकली. पण बाळ मांडीवर दूध पीत होतं आणि रेकॉर्डिंग चालू होतं.

अनिकेतने मग मनापासून मेहनत घेतली. त्याने फोनसाठी छोटं ॲप बनवलं. त्यात गाणं थांबवता येई, एकच ओळ पुन्हा ऐकता येई. नावांच्या जागी पाहिजे ती नावं भरली की पडद्यावर शब्द त्याच नावांनी उमटत. बाकी सगळ्या फोनांवर ते मजेत चालू झालं. दक्षाच्या फोनवर मात्र नाही. तिच्या नवऱ्याने, मनिषने, वापीहून एका बड्या कंपनीचा जुना पण रुबाबदार फोन आणला होता, आणि त्या फोनमध्ये काहीही घालायचं तर ते त्याच कंपनीच्या ॲपच्या दुकानातून यावं लागतं. दुकानाने ॲप परत पाठवलं. एका गाण्यात दारू पिण्याला उत्तेजन आहे, एवढं एक वाक्य सोबत होतं.

“ताडीचा गाणा?” जिजाने विचारलं. “त्यात कोणाला पाजत नाय. आधी धरतरीला, मग मेलेल्या माणसांना. त्यांना नाय बोलावलं तर लग्नाला आलं कोण?”

“ते गाणं काढलं तर उद्या मंजूर होईल,” कीर्ती हळूच म्हणाली.

“मधला गाणा काढला तर पुढचा कशावर उभा राहील?”

अनिकेतचा पारा मात्र वेगळ्याच कारणाने चढला होता. त्याने सरकारकडे तक्रार लिहायला घेतली होती आणि दिवसभर घरात त्याचंच पारायण चाललं होतं. “मुद्दा ताडीचा नाहीच आहे. फोन मनिषने विकत घेतला. मग त्याच्यात काय ठेवायचं ते ठरवणार कोण? दुकान त्यांचं, रस्ता त्यांचा, दारावरचा शिपाई त्यांचा. दुसरं दुकान उघडायची सोय नाही. ही मक्तेदारी नाही तर काय आहे?”

“पण दुसऱ्या कंपन्यांचे फोन मिळतात की बाजारात,” कीर्ती म्हणाली. “मनिषने तो घेतला नसता तर?”

“घेतल्यावर तर अडकला ना! फोटो त्यात, नंबर त्यात, सगळं त्यात. निघणार कसा?”

काकड्याआजोबा कोपऱ्यात बिडी नुसतीच हातात धरून बसले होते, कारण बाळाच्या घरात पेटवायला बंदी होती. ते म्हणाले, “ही कंपनी बाई हाय काय?”

“का हो आजोबा?”

“नाय, आमच्या जिजासारखी वाटते. हिनं पाड्यात दुसरी धवलेरी बसू दिली काय? ती बारकी, आपल्याच पाड्याची, बिचारी नुसती सोबत गायली, तर भर मांडवातून उठवली तिला.”

“तिचा सूर फाटका होता!”

“हां. कंपनी पन तेच सांगत असेल.”

अनिकेतला हसू आवरलं नाही. जिजाला ते लागलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि थोड्या वेळाने भिंतीलाच म्हणाली, “मी कोणाचा दार बंद नाय केला. बोलवतात, मी जाते. वाईट गायले असते तर बोलवलं असतं काय?”

कीर्ती झोळी हलवत होती. तिला वाटलं, हेही खरंच आहे. आणि अनिकेतचंही. बोलावतात म्हणून जाते, हे म्हणायला दुसरं कुणी बोलावण्यासारखं उरलेलं असायला हवं. पण विचार पुरा होईतो बाळ जागं झालं आणि तो विचार तसाच राहिला.

लग्न जवळ येत चाललं. तक्रारीला सरकारकडून पोच आली, उत्तर आलं नाही. ॲप पुन्हा पाठवलं तर कंपनीने तेच वाक्य पाठवलं. शेवटी एका सकाळी बाळ झोपल्यावर कीर्तीने साधा उपाय केला. मूळ रेकॉर्डिंगची गाणी उचलली आणि व्हॉट्सॲपवर दक्षाला पाठवून दिली. अनिकेतला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे आपण मागच्या दाराने गेलो.”

“गाणं तर पोचलं.”

“प्रश्न सुटला नाही.”

“दक्षाचा सुटला,” कीर्ती म्हणाली. हे बोलताना एक गोष्ट ती साफ विसरली. नावं बदलायची सोय ॲपमध्ये होती, आवाजात नव्हती.

दक्षाने गाणी कारखान्याच्या बसमध्ये कानाला लावून पाठ केली. जाताना, येताना, डुलकी लागताना.

लग्नाच्या दिवशी सगळे रिक्षाने पाड्यावर गेले. जिजाला मांडवाच्या कडेला खाटेवर टेकवून बसवलं. आत सुवासिनींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला होता. दक्षा त्याच्यासमोर बसली आणि गायला लागली. गळा खरंच चांगला होता. जिजाची बोटं खाटेच्या सुंभावर ताल धरू लागली. सूरज आणि भारती हळदीने माखलेले, खाली मान घालून बसलेले. पहिल्या गाण्यांत दक्षाने त्यांची नावं जपून घेतली, प्रत्येक नावाआधी किंचित थांबून. मग ताडीचं गाणं आलं. ते वेगाचं. तिथे थांबायला जागा नव्हती.

धरतरीला ताडी दिली, मेलेल्यांना दिली, आणि मग दक्षाच्या तोंडून सरळ निघालं ते कीर्ती आणि अनिकेत.

भारतीने मान वर केली. तिची आई म्हणाली, “हे कोण?”

दक्षाचा आवाज गेला. पुढची ओळ आठवेना. तिने खाटेकडे बघितलं. जिजा उठू बघत होती, पण खुबा उठू देईना. धवलेरी मध्येच थांबली तर लग्न अर्धवट राहतं, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, आणि त्या बायका आता जिजाकडे बघत होत्या. कीर्तीला आता ॲपमधली नावांची सोय आठवली. चूक तिची होती.

जिजाने मांडवावर नजर फिरवली. मागे, चुलीच्या बाजूला, बारकी पातेल्यावर झाकण धरून उभी होती. तिचे ओठ हलत होते. गाणं तिच्या ओठांवर चालूच होतं, ते थांबलंच नव्हतं.

जिजाने खाटेवरून हात वर करून तिला खूण केली.

“बारके,” ती म्हणाली. “झाकण ठेव. ये, हिला धर.”

“मी?”

“मग काय कंपनीला बोलवू?”

बारकी पदराला हात पुसत पुढे आली आणि दक्षाशेजारी बसली. तिचा सूर अजूनही फाटका होता. पण ओळ बिनचूक होती, आणि तिच्यामागे दुसरी बाई गायली, मग तिसरी, आणि दक्षाचाही आवाज परत आला. सूरज, भारती. सूरज, भारती. काकड्याआजोबांनी बिडी पेटवली.

लग्न लागल्यावर जिजाने नातीला जवळ बोलावलं. “तुम्ही दोघं पन बसा.”

“आम्ही कशाला? आमचं झालंय.”

“नाव चौकासमोर घेतला. घेतलेला नाव परत घेत नाय. बसा.”

“आजी, आमचं पोर आहे!” अनिकेत म्हणाला.

“त्यालाही घ्या. जागा हाय.”

मांडव हसला. अनिकेतच्या पँटला हळद लागली. कीर्ती बाळाला घेऊन बसली. आजीने त्या दिवशी वॉशिंग मशीनशेजारी ही नावं जवळची म्हणून सहज घेतली की मुद्दाम, हे विचारावं असं तिला वाटलं. पण आजी दुसरीकडेच बघत होती, फारच लक्ष देऊन.

परतीच्या वाटेवर रिक्षात अनिकेतचा फोन वाजला. कंपनीचं उत्तर होतं. तेच वाक्य. तो वाचून दाखवून म्हणाला, मी सोडणार नाही, अजून वर जाईन.

“जा,” जिजा म्हणाली. “पण तोवर बारकीचा आवाज पन भरून घे तुझ्या डब्यात.”

“सूर फाटका आहे ना तिचा?”

“हाय,” जिजा म्हणाली. “राहू दे.”

बाळ झोपलं होतं. कीर्तीने त्याच्या केसांतून तांदळाचा एक दाणा काढला, टाकायला हात बाहेर नेला, आणि मग तो मुठीत तसाच धरून बसली.