चारोळीच्या डोळ्याखाली

"चुलीत काय घातलं रे?" अंगणात पाय ठेवता ठेवताच रुख्मानं विचारलं.

नऊ वाजायचे होते, पण ऊन दुपारचं. चार घोड्या आणि सव्वा वर्षाची चारोळी, सगळ्यांना नवेगावच्या बांधावर, तलावाच्या पाण्यात घालून, घासून ती परत आली होती. लुगडं अजून ठिबकत होतं. चुलीवर भात नाही, चहा नाही. नुसती लाकडं पेटलेली आणि निखाऱ्यात खुपसलेली लोखंडी सळई.

तिचा मुलगा टेकचंद मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, "काई नाई माय. तू जाय, चने भिजव."

"मी काय विचारून रायली?"

"ईश्वरदास सेठ येऊन रायला डोंगरगडवरून. पंधरा दिवसानं. चारोळीले पाहाले, घ्याले. तोवर खपली धरते. तार लागली म्हणून सांगू."

चारोळीचा दोर रुख्मानं हाताला अजून एक वेढा देऊन धरला.

चारोळी तांबूस, लांब पायांची. चालली की बँडवाल्यानं वाजवायचं सोडून बघावं अशी. फक्त डाव्या डोळ्याखाली केसांचा एवढासा भोवरा. घोडेवाले त्याला आसूढाळ म्हणतात. असं जनावर दारात असलं की त्या घरात रडणं येतं, ही समजूत. नवरदेव तर त्यावर बसतच नाही. आणि या घरच्या घोड्या विकल्या जातात त्या वरातीसाठीच. म्हणून ती जागा डागायची. केस जळतात, कातडी आकसते, भोवरा जातो. सगळे करतात, आणि सगळे नाही म्हणतात.

कसं करतात ते रुख्माला ठाऊक होतं. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्यानं, श्यामलालनं, रेशमी नावाच्या घोडीला असंच डागलं होतं. डोकं धरायला रुख्मा होती. घट्ट धर, तो म्हणाला. तिनं घट्ट धरलं. रेशमीनं ऐन वेळी मान झटकली आणि सळई दोन बोटं वर गेली. डोळा उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा झाला. पण रुख्माला जास्त आठवायचा तो दुसरा दिवस. ती चने घेऊन गेली, तर तिच्या हाताच्या वासानंच रेशमी मागं सरकली. भुकेली होती, तरी सरकली.

"बाबाचा हात चुकला होता," टेकचंद म्हणाला. "माया हात नाई चुकत."

आंब्याखाली बाजेवर श्यामलाल पडला होता. त्यानं कूस बदलली. "माया हात बी चुकाचा नव्हता," तो म्हणाला, झाडाकडे बघून.

रुख्मानं चारोळीला खुंट्याला बांधलं, रांजणातून बादली भरली आणि चुलीत ओतली. राख उडाली, वाफेचा लोट उठला. चारोळी फुरफुरली.

"माय, पागल झाली का तू?"

"स्वैपाक उशिरा होईल आज."

"आयक. ही नाई गेली तं पुढच्या साली मी एक बी घोडी नाई ठेवत. धानाचं तनीस सरलं, बांधावर हिरवी काडी नाई. चारही काढतो. आताच सांगून ठेवतो तुले."

हे तो नुसतं म्हणत नव्हता. रुख्माला त्याचा आवाज कळत होता. तिनं ओले हात पदराला पुसले.

"फोन लाव."

"कोनाले?"

"तुया सेठले."

"कायले?"

"लाव मनलं ना."

त्याला वाटलं, माय भाव करणार. त्यानं फोन लावला, स्पीकरवर धरला.

"ईश्वरदास भाऊ, मी टेकचंदची माय बोलून रायली. चारोळीच्या डाव्या डोऱ्याखाली आसूढाळ हाय."

पलीकडून सेठचा आवाज आला, "भौजी, लड़का तो बोला था एकदम साफ है."

"तो बोलला. मी सांगून रायली."

"फिर मेरा आना रहने दो." तो हसला, पण बरं नाही हसला. "बुरा मत मानना. पर अब लोग पूछेंगे, आपके घर से पहले जो घोड़ियाँ गईं, उनमें क्या-क्या जला था."

"पुसू द्या. रेशमीचं पुसलं तं ते बी सांगीन. डोकं म्याच धरलं होतं."

फोन कट झाला. टेकचंदनं सळई चुलीतून उपसली आणि कुंपणापलीकडे भिरकावली. "चाळीस सालाचं नाव होतं," तो म्हणाला आणि गाडीला किक मारून चौकाकडे निघून गेला.

श्यामलाल बाजेवर उठून बसला. त्यानं पाणी मागितलं. रुख्मानं दिलं.

चार वाजेपर्यंत गावभर झालं होतं. टेकचंदनं रागात पानठेल्यावर सगळं ओकलं होतं. रुख्मा घोड्यांना पुन्हा पाणी दाखवायला निघाली. रोज ती गावामागून, नहराच्या काठानं जायची. आज तिनं मोठ्या घोड्या सावलीतच ठेवल्या. एकट्या चारोळीचा दोर धरला आणि बाजाराच्या रस्त्यानं निघाली. हळू, पण रस्त्याच्या मधोमध चालली.

भाजीवाल्या बायकांनी तोंडावर पदर घेतला. कोणीतरी लेकराला मागं ओढलं. उदारामच्या चहाच्या टपरीपुढं ती थांबली. बाकावर चार-पाच जण बसले होते.

"काकी," उदाराम हळू आवाजात म्हणाला, "तिकून नेत जाय ना तिले. सांजची बोहनी बी नाई झाली."

"बादलीभर पानी दे."

"बांध तं समोरच हाय."

"तिले इथं तहान लागली."

उदारामनं बाकावरच्यांकडे पाहिलं. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. चारोळीनं तोंड वळवलं, तसं रुख्मानं हनुवटीखाली हात घालून ते परत सरळ केलं, बाकाकडे, डावी बाजू पुढं. ऊन तिरपं येऊन थेट डोळ्याखाली पडत होतं.

"पाहून घ्या," ती म्हणाली. "मी हाय इथंच."

उदाराम हात फडक्याला पुसत उभा होता. बादली त्याच्या पायाशी होती, भरलेली. तो ती पुढं करेपर्यंत रुख्मा तिथून हलणार नव्हती.