तात्यांचे दात आणि गडप झालेली खाडी

मातीचा नमुना घ्यायला जमिनीत ठोकून वर काढलेली नळी उभी चिरली, की तात्या आतली नखभर माती पुढच्या दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. कचकचली तर पोयटा, म्हणजे वाहत्या पाण्याचा बारीक गाळ; लोण्यासारखी सरकली तर चिकणमाती. हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि बोटंही फसतात. पोयटा निघाला म्हणजे किनाऱ्यालगतच्या सपाट पट्ट्यात त्या जागेवरून कधीकाळी खाडी वाहत होती, चिकणमाती म्हणजे पाणी नुसतंच साचून होतं. चौतीस वर्षं तात्या सांगतील तेच सर्वेक्षणाच्या नोंदवहीत जात होतं.

गेल्या महिन्यात तात्यांना कवळी बसली.

परवा जेवताना बायकोने घास तोंडातून परत काढला. “अहो, थांबा! पालेभाजी नीट धुतली गेली नाही. केवढी कचकचतेय!”

तात्यांची भाजी संपत आली होती. “मला नाही लागली.”

“तुमच्या कवळीला काय, खडी वाढली तरी गोड मानून घेईल!”

ती हसली. तात्यांनी मात्र बोटांवर मोजलं. कवळी बसल्यापासून त्यांनी अकरा नळ्या चाखल्या होत्या. अकराच्या अकरा लोण्यासारख्या.

त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग सर्वेक्षणाच्या मॅडमना सांगून टाका.”

“आणि त्या म्हणाल्या, तात्या, आता घरीच बसा, तर?”

बायकोने त्यांच्या ताटातली उरलेली भाजी काढून घेतली. “तर बसा. पण भाजी धुवायचं काम तुम्हाला देणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये मॅडम जुन्या खाडीच्या नकाशावर वाकून बसल्या होत्या. तात्यांच्या लेकीच्या वयाच्या, आणि हा त्यांचा पहिलाच नकाशा. खोडून खोडून कागद झिजला होता.

“तात्या, माझंच काहीतरी चुकतंय. खाडी तळ्यापर्यंत सरळ येते आणि पुढे गडप! तीन आठवडे डोकं फोडतेय.”

गप्प राहणं सोपं होतं. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. “तुमचं नाही चुकलं. माझे दात चुकले.”

ऐकता ऐकता मॅडमना हसू फुटलं. “आणि मी स्वतःला मठ्ठ समजत होते!” मग त्यांचं लक्ष टोपी चुरगळणाऱ्या हातांकडे गेलं आणि हसू थांबलं. त्या फळीपाशी गेल्या. प्रत्येक नळीचा अर्धा भाग तिथे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला असे. त्यांनी अकरातली पहिली नळी आणून तिचं प्लास्टिक सोडलं. “शिकवा मला.”

“माती खाल?”

“लहानपणी खायचे की. आईचा मार तेवढा नाही आता.”

“पुढचे दात घ्या. चावू नका, नुसते घासा. डोळे मिटा.”

मॅडमनी डोळे मिटले. “कचकचतंय... पण जेमतेम. पिठात एखादा खडा यावा तसं.”

“मग हा खाडीचा काठ,” तात्या म्हणाले. “भर प्रवाहाची धार पुढच्या नळीत असेल.”

पुढच्या नळीत धार होती. दुपारपर्यंत पेन्सिलीची रेघ तळं ओलांडून समुद्राच्या वाटेला लागली.

“तात्या,” पेन्सिल खाली ठेवत मॅडम म्हणाल्या, “उद्यापासून...”

तात्यांनी घरी जायला टोपी उचलली.

“...जरा लवकर या. काठ कुठला न् धार कुठली, हे मला एकटीला कळायला दोन-तीन वर्षं तरी लागतील. घरी सांगून ठेवा.”

तात्यांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली.

“आधी चूळ भरा. नाहीतर या नळीची माती पुढच्या नळीत लागते.”