रुईतली उडी

"न्हाई म्हंजे न्हाई," चांगुणा म्हणाली. "त्यांचं येगळं, तुझं येगळं."

तिच्या कडेवरची आठ वर्षांची मुक्ता वर बघत होती. रुईच्या खोलीतल्या फळ्यांच्या माळ्यावरून कामगारांची पोरं एकामागून एक उड्या टाकत होती. खाली पुरुषभर उंच रुईचा ढीग. पोर त्यात बुडायचं आणि पांढरंफेक होऊन खिदळत वर यायचं.

एकाहत्तर सालचा फेब्रुवारी होता. शेवगावच्या त्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मशीनचा पट्टा सकाळीच तुटला होता आणि नवा आणायला मुकादम नगरला गेला होता. तो असता तर पोरांना दारातसुद्धा उभं केलं नसतं. चांगुणा तिथं दहा वर्षं कापसातला पालाकचरा वेचत होती. मुक्ता दोन वर्षांची असताना तापात तिचा डावा पाय लुळा पडला. तेव्हापासून चांगुणा तिला कडेवरून आणायची, भिंतीशी बसवायची, कडेवरूनच घरी न्यायची. लेक जड झाली होती, पण ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आये, मला बी जायचंय."

"पडशील."

"पडायचंच तर हाय की!"

कचरा वेचणाऱ्या बायका फिसकन हसल्या. शिडीजवळ विडी कानावर ठेवून बसलेले आसाराम फिटरही हसले. "बराबर बोलली पोरगी. चांगुणाबाई, सोडा तिला. खाली रुई हाय, दगूड न्हाई."

"चढंल कशी?"

उत्तर द्यायला मुक्ता थांबली नाही. कडेवरून घसरली, फरफटत शिडीपाशी गेली आणि चढू लागली. इतकी वर्षं पायाचं काम हातांनी केलेलं. मनगटं चांगली घट्ट होती. मागे आसाराम तिला हात न लावता एकेक पायरी चढले.

वर गेल्यावर मात्र तिचं तोंड उतरलं. एवढा मोठा ढीग वरून सुपाएवढा दिसत होता. फळीच्या कडेला बसून ती म्हणाली, "काका, तुमी ढकला मला."

"म्या न्हाई ढकलनार. वाटलं तर जा. न्हाई तर ही शिडी हाय."

खाली चांगुणा हात पसरून उभी होती. मुक्तानं डोळे मिटले, उघडले, आणि फळी सोडली.

चांगुणाला दिसलं ते एवढंच: वाऱ्यानं फुगलेला परकर आणि त्याखाली दोन पाय. त्यातला लुळा कुठला, ते कळत नव्हतं.

मग ढिगात नुसता खड्डा. आवाज नाही, काही नाही. चांगुणा कमरेएवढ्या रुईत शिरली, दोन्ही हातांनी उपसू लागली. "मुक्ते! अगं मुक्ते!"

आधी आतून हसू आलं, मग डोकं. पापण्यांवर, नाकावर रुई. मुक्ता दोनदा शिंकली आणि ओरडली, "आये! पोटात लई गुदगुल्या झाल्या!"

चांगुणा रडायला लागली नि त्यातच तिला हसू फुटलं. सगळी खोली हसत होती. तिनं उचलायला हात घातला, पण लेक तोवर निसटून शिडीला लागली होती.

दुसरी उडी झाली, तिसरी झाली. चौथ्या वेळी मुक्ता फळीवरून वाकून म्हणाली, "आये, तितून सर ना. तुझ्या अंगावर पडंन मी."

चांगुणानं पसरलेले हात खाली घेतले आणि ती बाजूला झाली.