मागायला निघालेली परात

मित्रांनो, मी पितळेची परात आहे. मला जुनी म्हणालात तर चालेल, मोडीची म्हणालात तर आपलं जमणार नाही. माझ्या काठाला दोन पोचे आहेत आणि एक कडी केव्हाच गळून पडली आहे. पण आजही पायलीभर पीठ माझ्यात मळून घ्या, बाहेर चिमूटभर सांडणार नाही. स्टीलच्या पराती नुसत्या चकाकतात. चार भाकरी थापल्या की हलायला लागतात.

भंडाऱ्याच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. तुळजाबाईच्या लग्नात तिच्या मामानं मला घेतलं आणि काठावर तिचं नाव कोरून दिलं. ते नाव मला वाचता येत नाही आणि तिलाही जेमतेमच येत होतं. शाळेत आम्ही दोघीही फारशा गेलो नाही. पण शाळेच्या पोरी आम्ही जेवढ्या जेवू घातल्या, तेवढ्या मास्तरांनी मोजल्याही नसतील.

तुळजाबाईचा नवरा लवकर गेला. १९८२ साली तिला आदिलाबाद जिल्ह्यात बेज्जूरकडच्या रस्त्यावरल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं. साठ पोरी होत्या, जंगलातल्या गोंडांच्या आणि कोलामांच्या गुड्यांवरून, म्हणजे पाड्यांवरून आलेल्या. सरकारी भांडी पाहून तुळजाबाईनं नाक मुरडलं आणि दुसऱ्याच दिवशी मला घरून उचलून आणलं. तेव्हापासून माझ्या आयुष्याला अर्थ आला. त्याआधी मी एका घरापुरती होते.

तुळजाबाईची जीभ मात्र विळीसारखी. सकाळी ती पोरींना उठवायची, "उठा कलेक्टरीणबाई, तुमचा बंगला झाडून राह्यली मी." पोरी हसत उठायच्या. घरी त्या गोंडी बोलायच्या, शाळेत तेलुगू शिकायच्या आणि चुलीपाशी आमची मराठी. त्या एवढ्याशा डोक्यांत तीन भाषा कशा मावायच्या याचं मला नवल वाटायचं.

त्यांच्यात मानकू पेंदोर नावाची मुलगी होती. तिच्या गुड्यावरून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. तिच्या मागोमाग तिथल्या अकरा लहान पोरी शाळेत आल्या होत्या. मानकू जिथं बसेल तिथं त्या बसायच्या, ती जेवली की जेवायच्या. नववीनंतर तिचे वडील मोतीराम तिचं लग्न ठरवायला निघाले होते. तुळजाबाईनं त्यांना बसवून दोन तास ऐकवलं. शेवटी ते कबूल झाले, पण एका अटीवर. पोरीबद्दल शाळेतून एक जरी चिठ्ठी आली, तर ते तिला घेऊन जाणार. एकदा घरी गेलेली पोर परत येत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ती गेली की त्या अकराजणीही जाणार, हेही ठाऊक होतं.

१९८५ सालची दिवाळीची सुट्टी संपली आणि पोरी परत आल्या. त्याच आठवड्यात तांदळाची लॉरी घाटात बंद पडली. कोठीत तूरडाळीशिवाय काही उरलं नाही. तुळजाबाईनं आपल्या भावाला, नागोरावांना निरोप धाडला. त्यांनी शेतातली नुकतीच निघालेली ज्वारी, दोन पोती, बैलगाडीनं पाठवली. मोत्यासारखा दाणा होता. तुळजाबाईनं ती दळून आणली आणि माझ्यात भाकरी थापल्या. माझ्यात इतकं पांढरंशुभ्र पीठ कित्येक वर्षांत पडलं नव्हतं. आज पोरी बोटं चाटतील असं म्हणत तिनं ताटं वाढली.

मानकूनं भाकरी ताटाच्या कडेला सारली आणि नुसतं वरण प्यायली. मग त्या अकराजणींनीही तेच केलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तुळजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या भाकरीत काय इंचू निघाला का, असं तिनं विचारलं. पोरींनी माना खाली घातल्या. दहावीला गेल्या की गरिबाच्या हातचं गोड लागत नाही, असंही ती बोलली. मला ते बोलणं आवडलं नाही. पण खरं सांगते, माझाही मान दुखावला होता. मलाही वाटलं, केवढ्या या शिष्ट पोरी!

तिसऱ्या दिवशी मानकूला वर्गात भोवळ आली. वॉर्डन चारुशीला मॅडम आदिलाबादच्या होत्या, भल्या होत्या, पण कायद्याच्या पक्क्या. मुलगी तीन दिवस जेवली नाही तर घरी कळवावं लागतं, असं त्या म्हणाल्या. तुळजाबाईनं हात जोडून त्यांना थांबवायला हवं होतं. उलट ती रागाच्या भरात म्हणाली, "लिहा मॅडम. बापालाही कळू द्या पोरीचा तोरा."

चिठ्ठी बसच्या कंडक्टरबरोबर गेली. बस वळणाआड गेली आणि तुळजाबाई माझ्याशेजारी येऊन बसली. तिनं काय केलं ते तिला तेव्हा कळलं.

मोतीराम दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले. सोबत एक मोकळी पिशवी होती, पोरीचे कपडे भरायला. उन्हातून आलेल्या माणसाला आधी खायला द्यायचं, ही तुळजाबाईची रीत. तिनं तांब्याभर पाणी आणि गरम भाकरी पुढं ठेवली. मोतीराम पाणी प्यायले. भाकरीकडे पाहून त्यांनी विचारलं, "बाई, ही ज्वारी औंदाची आहे का?"

"औंदाचीच. ताजी. काऊन?"

त्यांनी ताटाला हात लावून तो कपाळाला लावला आणि ताट बाजूला ठेवलं. "मग मले नाही चालत. आमच्या देवाले नवं दाखवाचं राह्यलं. तो दाणा आमी कसा खावा?"

मग मोतीरामांनी सगळं सांगितलं. नवं धान्य आधी देवाला, मग माणसाला, अशी त्यांच्याकडे पद्धत. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी ही पूजा होऊन जायची, म्हणून वसतिगृहात कधी प्रश्नच आला नव्हता. यंदा गुड्याचे प्रमुख, म्हातारे पटेल दादाजी वारले आणि पूजा पुढं गेली. आणखी पंधरा दिवस तरी होणार नव्हती.

तुळजाबाईनं मानकूला बोलावलं. आवाज मोठाच होता, पण त्यातली धार गेली होती. "तुले तोंड नव्हतं का सांगाले?"

मानकू म्हणाली, "मावशी, तुमाले ठाऊक नसंल असं वाटलंच नाही. आमाले वाटलं, तुमी आमची परीक्षा पाहून राह्यल्या. अन शाळेत देवाचं नाव काढलं का पोरं हसतात."

मोतीरामांनी पिशवी उचलली. रागावले नव्हते ते. माझ्या घरी निदान मागल्या सालचं धान्य आहे, असं ते शांतपणे म्हणाले. शांतपणे बोलणारा बाप परतवणं फार कठीण असतं, मित्रांनो.

तुळजाबाईनं मला उचललं आणि डोक्यावर घेतलं. "भाऊ, तुमी त्या झाडाखाली बसा. मी येईपर्यंत पोरीले नेलं तर पाहा."

आणि ती गावात मागायला निघाली. जन्मात कोणाकडे चिमूटभर मीठ न मागितलेली बाई! तिच्या डोक्यावर मी रिकामी होते आणि उन्हात चमकायचीही मला लाज वाटत होती. पहिलं दार कौशल्याबाईचं. पाण्याच्या पाळीवरून दोघींचं वर्षभर बोलणं नव्हतं.

"काय तुळजाबाई, परात विकाले काढली का?"

"मागाले आली. मागल्या सालची ज्वारी दे. औंदाची देशील तर तुह्याच आंगणात ओतून जाईन."

"मागताना पण तोंड तेच," असं म्हणत कौशल्याबाई आत गेली. मग आवाज आला तो कणगीत उतरून तळ खरवडल्याचा. कार्तिकात जुनी ज्वारी असते कुठं? कणगीच्या तळाला, गाडग्यात, बियाण्यातून उरलेली. कुणी शेरभर दिली, कुणी मूठभर. वाण्याच्या तेलुगू सुनेनं कारण विचारलं आणि दोन मुठी जास्त टाकल्या. दाणा काळपट होता, निम्म्यात सोंडे झालेले. पण मी भरत गेले. नागोरावांच्या मोत्यांनी मला जेवढं भरल्यासारखं वाटलं नव्हतं, तेवढं त्या किडक्या ज्वारीनं वाटलं.

परत आल्यावर तुळजाबाई चक्कीवर निघाली, तेव्हा मानकूनं तिचा पदर धरला. आपणहून ती पहिल्यांदाच बोलली. "मावशी, चक्कीत नको. तिथं सगळ्याइचं नवं दळून राह्यलं. अन परातीलेही नवं पीठ लागलं आहे."

तुळजाबाईनं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता फटकारणार. पण तिनं ज्वारी सुपात काढली आणि मला चिंच लावून, राख लावून तीन वेळा घासलं. काठाच्या खाचेतलं पीठसुद्धा काडीनं काढलं. चारुशीला मॅडमनी शेजारच्या घरून जातं आणवलं आणि तेही धुऊन घेतलं. मग त्या खुर्ची सोडून खाली बसल्या आणि सोंडे निवडू लागल्या. चार वर्षांत आपणही कधी विचारलं नाही, असं त्या हळूच म्हणाल्या. मोतीराम झाडाखालून उठून आले आणि तेही निवडायला बसले.

संध्याकाळी पोरी जेवल्या. भाकरी काळ्या होत्या, कडेनं फाटलेल्या. मानकूनं दोन खाल्ल्या. अकराजणींनी किती खाल्ल्या ते तुळजाबाईनं मोजू दिलं नाही. मोतीरामही जेवले. हात धुऊन त्यांनी रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली.

"नवं झालं का निरोप धाडतो," एवढंच म्हणाले आणि एकटेच गेले.

त्या वर्षापासून तुळजाबाई जुन्या ज्वारीचं एक पोतं राखून ठेवू लागली. निरोप आल्याशिवाय नवी ज्वारी माझ्यात पडली नाही. मानकू दहावी पास झाली. तिनं आदिलाबादला इंटर, म्हणजे बारावी केली, तिथंच डिग्री. मग वरंगलच्या विद्यापीठात गेली. तिथल्या पहिल्याच दिवशी ती मेसच्या स्वयंपाक्याकडे गेली आणि आपलं काय चालतं, काय चालत नाही, ते सरळ सांगून आली. हे तिनं पत्रात लिहिलं होतं. मॅडमनी ते चुलीपाशी वाचून दाखवलं. तुळजाबाई म्हणाली, "तिथं बरं तोंड फुटलं." आणि डोळ्यांत धूर गेला म्हणून बाहेर गेली. चूल तेव्हा पेटलेलीच नव्हती.

१९९३ साली मानकू एम.ए. झाली. त्या अकराजणींतल्या सात दहावी झाल्या. चार झाल्या नाहीत. त्यांचंही मला वाईट वाटतं, कारण त्यांनीही माझ्यातलंच खाल्लं होतं.

पुढं वसतिगृहात स्टील आलं, गॅस आला आणि मी तीन वर्षं कोठीत पालथी पडून होते. माझ्यावर हिरवा कळंक चढला. तक्रार करत नाही. ज्या हातांनी मला एवढं घासलं आणि ज्या पोरींनी माझ्यातलं खाऊन पुस्तकं वाचली, त्यांचे उपकार मोठे आहेत.

तुम्हाला मात्र एक मागते. घरची जुनी भांडी मोडीत घालू नका, आठ दिवसांनी चिंच लावा. आणि तुमच्या वर्गात लांबून आलेली एखादी पोर ताट बाजूला सारून गप्प बसली, तर तिला शिष्ट म्हणू नका. मी म्हणाले होते, म्हणून सांगते.

तुळजाबाईच्या नोकरीच्या शेवटच्या जूनमध्ये नव्या पोरी आल्या. तिनं मला कोठीतून काढलं, घासलं आणि शेगडीपाशी ठेवलं. मग सर्वांत लहान पोरीला समोर बसवून विचारलं, "सांग बाई, तुमच्याकडे काय खातात अन काय कवा खात नाहीत?" पोर गोंडीत बोलू लागली. बोलतच राहिली. तुळजाबाईला अर्धंही कळत नव्हतं. गॅसवर वरण उतू चाललं होतं, तरी ती जागची उठली नाही.