तात मेल्चोरचा होकार

हर्माना, म्हणजे सिस्टर, हॅडली माझ्या माडीवरच्या खोलीत राहायला आली तेव्हा जेमतेम विशीची होती. आयडाहोतल्या बटाट्याच्या शेतावर वाढलेली पोर, चर्चने धर्मप्रचाराला आमच्या डोंगरातल्या तोतोनिकापान गावाला पाठवलेली. तिची जोडीदारीण ओचाएता आमच्याच देशातली, पण लांबच्या पेतेनकडची. बोलायला फटकळ, चालायला त्याहून झपाट्याची. दोघींनी कायम बरोबर राहायचं, एकटीने दारही ओलांडायचं नाही, असा त्यांचा नियम.

हॅडलीला स्पॅनिशचं व्याकरण पाठ होतं, पण समोरचं माणूस बोलायला लागलं की ती गोंधळून जायची. पहिल्याच आठवड्यात एकदा बाहेरून आली, माझ्या चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "मी आज फार लग्न झालेली आहे." तिला म्हणायचं होतं 'दमलेली'. आमच्याकडे त्या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक.

"अरे वा," मी म्हटलं. "जावई काय करतात?"

तिने हसून मान हलवली. काही न कळल्यावर ती हेच करायची. एक हसू आणि एक होकार. ओचाएता वैतागायची. "नाही कळलं तर नाही म्हण ना. कोण खाणारे तुला?" त्यावरही होकारच.

वरच्या वस्तीत तात मेल्चोर राहायचे; वडीलधाऱ्याला इथे तात म्हणतात. हातमागावर कापड विणायचे. बायको आदल्या वर्षी वारलेली, मुलगी कांदेलारिया शेला शहरातल्या बाजारात भाजी विकायची आणि फक्त रविवारी घरी यायची. त्यांची भाषा किचे. स्पॅनिश आपलं सुताचा भाव करण्यापुरतं. या दोघी त्यांच्याकडे जाऊ लागल्या. ओचाएता धर्माचं समजावून सांगायची, म्हातारा हसत मान हलवायचा.

ते हसू आपलंच आहे हे हॅडलीला दोन-तीन भेटींतच कळलं होतं. हे तिने मला फार उशिरा सांगितलं. ओचाएताला तर तेव्हा सांगितलंच नाही. इतके महिने ती नुसती स्टुलावर बसून होती, वरिष्ठ फोनवर दर आठवड्याला विचारायचे, कुणी तयार झालं का. मग एक दिवस ओचाएताने तिलाच बोलायला लावलं. पाठ केलेली वाक्यं तिने म्हटली: पाण्यात उतरून बाप्तिस्मा घ्याल का? तुमची बायको तुम्हाला पुन्हा भेटेल.

बायको म्हटल्यावर म्हाताऱ्याने माग थांबवला. "हो," ते म्हणाले.

परत येताना ओचाएताने तिला रस्त्यातच मिठी मारली. "बघ, तुझ्या तोंडून झालं हे."

शनिवारी बाप्तिस्मा झाला. मीही गेले होते. तात मेल्चोरांनी केस कापून घेतले होते, अंगात चर्चचे पांढरे कपडे. एका तरुण प्रचारकाने त्यांना पाण्यात बुडवून वर काढलं. त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं आणि दाराकडे बघितलं. मग खुर्च्यांवरच्या एकेका बाईकडे बघितलं. मग पुन्हा दाराकडे. पोरगा हात धरून पायरीकडे नेत होता, तर ते जागचे हलेनात. लोकांना वाटलं, म्हातारा भारावून गेला. हॅडली टॉवेल घेऊन उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्यानंतर तिचं जेवण सुटलं. काळ्या घेवड्याचं ताट तसंच परत यायचं. "पोरी, पोटात दुखतंय का?" मी विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. शब्द सापडेनात तिथे हातवारे केले.

"झालं ते झालं," ओचाएता म्हणाली. "त्यांच्या मनातलं तुला काय माहीत?"

"माहीत आहे," हॅडली म्हणाली. "आधीपासून माहीत होतं."

मी किनाऱ्याकडून लग्न होऊन आलेली, मला किचे येत नाही. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही तिघी कांदेलारियाला गाठायला गेलो. ती मक्याचं पीठ मळत होती, तात मेल्चोर कोपऱ्यात सुताची कांडी भरत होते. हॅडली बसलीच नाही.

"तुझ्या बाबांना कळत नव्हतं," ती म्हणाली. "मला माहीत होतं. मी गप्प. त्यांना वाटलं, पाण्यात गेलं की तुझी आई येणार. त्याच दिवशी."

कांदेलारियाने हात पुसले. "मी दर रविवारी इथे असते. एकदा मला विचारायला काय झालं होतं? तुला येत नाही स्पॅनिश, पण हिला तर येतं." तिने ओचाएताकडे बोट दाखवलं.

मग कांदेलारिया वडिलांशी किचेत बोलली. ते आधी तुटक बोलले, मग बराच वेळ बोलले. ऐकता ऐकता ती खाली बसली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, त्या दिवशी निघताना दोघांपुरता घेवडा शिजवून ठेवला होता." तिने चुलीकडे हात केला. "मी दुसऱ्या दिवशी आले तर भांडं भरलेलं. विचारलं, एवढा कुणासाठी? तर म्हणाले, चुकून झाला."

हॅडली रडत होती. "मला माफ करा, एवढं सांग त्यांना."

"ते मी नाही सांगणार. तुझं तू सांग."

हॅडली म्हाताऱ्यासमोर उकिडवी बसली आणि स्पॅनिशमध्ये एकेक शब्द सुटा करत बोलली. त्यांनी ऐकून घेतलं. हसले, मान हलवली. त्यांना काय कळलं, हे ना तिला कळलं, ना मला.

"आता येऊ नका इकडे," कांदेलारिया म्हणाली. ओरडली नाही.

हॅडलीने स्वतः फोन करून वरिष्ठांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस, भाषा सुधार. ओचाएता आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी तिच्या कॉफीत साखर घातली. थोड्या दिवसांनी कांदेलारियाने वडिलांना आपल्याबरोबर शेलाला नेलं. माग सुटा करून टेम्पोतून गेला.

पुढे हॅडलीची बदली झाली, त्या प्रवासापुरती एकटीने जायची मुभा मिळाली. निघायच्या सकाळी बस येईपर्यंत आम्ही तिघी थांब्यावर उभ्या होतो. हॅडली म्हणाली, "माझी बस शेलावरूनच जाते. बाजारात उतरून त्यांना भेटू का?"

"नको," मी म्हटलं. "ती नको म्हणालीये."

"कळलं," ती म्हणाली, आणि बॅग उचलून बसमध्ये चढली.