शरद सत्राची आखणी

मिनेसोटातल्या त्या छोट्या विद्यापीठात वापर-चाचणीचा, म्हणजे लोक एखादी वस्तू किंवा पुस्तिका प्रत्यक्षात कशी वापरतात ते पाहण्याचा, विषय वर्षाआड, तोही शरद सत्रातच शिकवत. त्याआधी संशोधनपद्धती हा विषय पूर्ण हवा, असा नियम. तांत्रिक लेखनाच्या एम.ए.ची आखणी करताना मार्लिस किट्टल्सनने दोन्ही विषय येत्या शरद सत्रातच घातले होते.

"हे चालायचं नाही," प्राध्यापक ब्रेक्के म्हणाले. "आधी पद्धती, मग चाचणी."

"म्हणजे मधे दोन हिवाळे जाणार."

"जाऊ देत की. हिवाळ्यांना इथे काय तोटा?"

मार्लिस हसली नाही. बर्फ उडवायच्या यंत्रांच्या कारखान्यात ती माहितीपुस्तिका लिहायची. 'यंत्राच्या तोंडाशी बर्फ अडकल्यास हात घालू नका, काठीने काढा' हे वाक्य तिचंच, ठळक अक्षरांत, चित्रासकट. तरी गेल्या जानेवारीत एका बाईचा फोन आला. नवऱ्याची बोटं गेली होती. पुस्तिका घरातच होती. लोक नेमके कुठे वाचायचं सोडतात, हे मार्लिसला पाहायला शिकायचं होतं, आणि तेही पुढचा बर्फ पडायच्या आत.

"मी रसायनांच्या प्रयोगशाळेत काम केलंय. निरीक्षण करता येतं मला. पद्धतीच्या अटीतून सूट द्या."

ब्रेक्केंनी पेन खाली ठेवलं. "आज दुपारी चाचणी आहे. तुमच्या कारखान्याचंच यंत्र, तुझीच पुस्तिका. नोंदी घ्यायला बस. काही झालं तरी बोलायचं नाही. निभावलंस तर सही करतो."

यंत्राचं इंजिन काढलेलं होतं आणि तोंडात बर्फाऐवजी फोम कोंबला होता. ऑर्व्हिल नावाचे निवृत्त बसचालक समोर बसले. मनात येईल ते मोठ्याने बोला, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

"अडकलंय. बरं. काठी कुठाय?" त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणी हूं की चूं केलं नाही. "चर्चमध्ये बसल्यागत वाटतंय बुवा!" त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागे आले, मान हलवली. "माझंच डोकं चालेना." मग पुस्तिका मांडीवर उपडी ठेवली, बाही वर केली आणि हात यंत्राच्या तोंडाकडे नेला.

"हात नको!" मार्लिस ओरडली.

ऑर्व्हिल दचकले आणि मग खो खो हसले. "हे ब्येस झालं! आता प्रत्येक यंत्राबरोबर हिलाच पाठवा."

इंजिन नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ऑर्व्हिलनी हात खरंच आत घातला असता, की पुन्हा पुस्तिका उचलली असती, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. नोंदीचा कागद तिथेच थांबला होता.

मार्लिसनेच आपली आखणी काढली, चाचणीवर काट मारली आणि तो विषय दोन हिवाळे पुढे लिहिला.

"पण सर, दर गुरुवारी चाचणीला मी इथे बसणार. श्रेयांक नकोत, सही नको. काय दिसतंय ते पाहून पुस्तिका याच उन्हाळ्यात बदलायला घेते."

"आणि तोंड?"

"ते आजपासूनच बंद."

दार उघडलं. पुढच्या बाई आल्या, बसल्या, पुस्तिका उघडली. मार्लिसने नवा कागद घेतला. थोड्या वेळाने त्या बाईंनीही बाही वर केली. मार्लिसने ओठ घट्ट मिटले आणि लिहिलं: 'चित्र पाहिलं. मजकूर वाचला नाही.'