कबुतरांशी भांडणारा दादा

नायिका, खिडकीला टेकून उभ्या उभ्या झोपलेली.

चौथ्यांदा उखडलेलं दार, आणि त्याच्याकडे पाठ करून चहा पिणारा सुतार.

"माणूस चांगला आहे हो," म्हणत हातातली टोपी पिळणारा कॅमेरामन.

रिकामा चौक. कबुतरं.

असले तुकडे जोडत धाकटी वर्षभर संकलनाच्या खोलीत बसली होती. दादा दिग्दर्शक, त्याच्या रखडलेल्या शूटिंगवर तिने माहितीपट केला होता. अट एकच, दादा म्हणेल ते कापून काढायचं. तिने तसा शब्द दिला होता.

आज तो बघायला आला. पडद्यावर चौक लागला. सगळी कबुतरं एकदम उडायला हवीत म्हणून दादाने आठवडाभर माणसं ताटकळत ठेवली होती, आणि उडायची ती दोन-चार. शेवटी माणसं जेवायला गेली. दादा एकटाच कबुतरांपुढे हात जोडून म्हणाला, "काय कमी केलं रे मी तुम्हाला?" मग मटकन खाली बसला आणि रडला.

"हे काढ," दादा म्हणाला.

हे गेलं तर उरणार नुसता त्याचा सेटवरचा आरडाओरडा. "याच्याशिवाय तू फक्त खडूस दिसतोस, दादा."

"दिसू दे. चारचौघांत अब्रूचं खोबरं नको."

शब्द तो शब्द. तिने कापायला हात पुढे केला.

"थांब. इथे का कापलंस?"

"तू रडत होतास. मला बघवेना."

"तुला बघवेना म्हणून प्रेक्षकाचे डोळे झाकायचे? पुढचं दाखव."

पुढे दादा बाहीला नाक पुसतो. एक कबुतर येऊन त्याच्या बुटावर बसतं. तो श्वासही घेत नाही.

"हे टाकून दिलंस? ठमे, अक्कल गहाण ठेवलीस का? सगळं ठेव."

"म्हणजे काढायचं नाही?"

"वेडी आहेस का? सरक, मी लावतो."

"खुर्ची माझी. तू स्टुलावर बस."

दादाने स्टूल ओढलं.

माहितीपट लागला त्या दिवशी, कबुतर बुटावर बसलं तेव्हा सभागृह चिडीचूप झालं. दिवे लागले तरी टाळ्या थांबेनात. दादाने तिला दंडाला धरून पुढे ढकललं. "जा की. तुझ्या आहेत."

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी याच दादाने तिला कॅमेऱ्यासकट सेटवरून हाकलून दिलं होतं.